तळे वरच्यांचे, पूर खालच्यांचा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेगेनीच्या डोंगरात, साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर एक मातीचे धरण होते. उंची सुमारे २२ मीटर, लांबी २८४ मीटर. ते राज्य सरकारने बांधले होते. खालच्या जॉन्सटाउन शहराजवळच्या कालव्यात उन्हाळ्यातही बोटी तरंगाव्यात एवढाच त्याचा हेतू होता. १८३८ साली सुरू झालेले काम पैशांअभावी रखडत १८५३ च्या सुमारास पुरे झाले, आणि तोवर रेल्वे आल्यामुळे कालव्याची गरजच उरली नव्हती. धरण रेल्वे कंपनीकडे गेले. १८६२ साली तळातल्या दगडी मोरीपाशी ते फुटले, पण पाणी कमी असल्यामुळे फारसे नुकसान झाले नाही. पुढची कित्येक वर्षे ते तसेच पडून राहिले. १८७९ साली बेंजामिन रफ या गृहस्थाने ते विकत घेतले आणि पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, बँकर अँड्र्यू मेलन अशी मंडळी सभासद झाली. भराव डागडुजी करून उभा केला गेला आणि १८८१ पर्यंत तळे पुन्हा भरले: जवळपास तीन किलोमीटर लांब, शिडाच्या बोटींना पुरेसे, काठाला टुमदार बंगले. ३१ मे १८८९ रोजी हे धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली. धरणांच्या इतिहासात ही दुर्घटना अनेकदा सांगितली जाते ती श्रीमंतांच्या बेपर्वाईची गोष्ट म्हणून. ती तशी आहेच. पण तिच्यात याहून जास्त उपयोगाचे काही आहे. करमणुकीसाठी पाणी अडवले की धरणाची देखभाल कुठल्या दिशेने घसरत जाते, हे इथे पायरीपायरीने दिसते. ती घसरण कुणा एका मालकाच्या स्वभावातून येत नाही, तळ्याच्या हेतूतूनच येते. म्हणून अशा धरणाची सुरक्षितता मालकाच्या सद्भावनेवर सोडता येत नाही आणि नुसत्या उंचीवरूनही ठरवता येत नाही.

क्लबच्या काळात, आणि त्याच्या थोडे आधी, धरणात काय काय बदलले ते नीट पाहण्यासारखे आहे. मूळ रचनेत तळाशी पाच ओतीव लोखंडी नळ होते. त्यांतून पाणी सोडून जलाशयाची पातळी हवी तशी खाली आणता येई. क्लबच्या आधीच्या मालकाने ते नळ काढून भंगारात विकले. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत, कारण तळ्यातले पाणी कमी करण्याची क्लबला कधी गरजच वाटली नाही. उलट तळे भरलेले असणे हाच सारा सौदा होता. धरणाच्या माथ्यावरून बंगल्यांकडे जाणारा रस्ता होता. दोन घोडागाड्या समोरासमोर आल्या तर सहज जाव्यात म्हणून माथा रुंद हवा होता, आणि मातीच्या भरावाचा माथा रुंद करण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे तो थोडा छाटणे. माथा सुमारे एक मीटरने खाली आणला गेला. १८६२ च्या फुटीची जागा चिकणमाती, फांद्या, गवत असे हाताला लागेल ते टाकून बुजवली होती. तिथला भराव खचून मध्यभाग कडांपेक्षा किंचित खाली राहिला होता, म्हणजे पाणी माथ्यावरून गेलेच तर ते नेमके सर्वांत कच्च्या जागी जाणार होते. एका टोकाला खडकात खोदलेला सांडवा होता. त्यावर लाकडी पूल बांधला गेला. पैसे मोजून आणून सोडलेले मासे पुराबरोबर वाहून जाऊ नयेत म्हणून पुलाच्या खांबांमध्ये लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या. यातला एकही बदल कुणी धरण कमकुवत करण्यासाठी केलेला नाही. रस्ता, मासे, वर्षभर भरलेले तळे या क्लबच्या रास्त गरजा होत्या. पण पाणी बाहेर काढण्याचे तळातले मार्ग गेले, वरचा मार्ग अडला, आणि पाण्याची पातळी व माथा यांच्यातली मोकळी जागा घटली. मातीच्या धरणाला वाचवणाऱ्या तिन्ही गोष्टी अशा एकेक करून सोयीसाठी खर्ची पडल्या.

हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आले नाही असे नाही. जॉन्सटाउनमधल्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना खाली असलेल्या आपल्या कारखान्याची आणि गावाची काळजी होती. त्यांनी १८८० साली जॉन फुल्टन या आपल्या अभियंत्याला धरण पाहायला पाठवले. फुल्टनने दोन धोके नेमके लिहून दिले: दुरुस्तीसाठी पाणी उतरवायला तळात नळ नाहीत, आणि जुन्या फुटीची दुरुस्ती इतकी तकलादू आहे की तिथून मोठी गळती चालू आहे. धरणाची नीट दुरुस्ती करायची तर आधी पाणी उतरवावे लागते, आणि पाणी उतरवायची सोयच काढून टाकलेली, हा पेच त्याने बरोबर पकडला होता. रफने उत्तर पाठवले की आमच्या उद्योगापासून तुमच्या माणसांना काहीही धोका नाही. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायचीही तयारी दाखवली, ती नाकारली गेली. शेवटी ते स्वतः क्लबचे सभासद झाले, पण त्याने धरणात फरक पडला नाही. या पत्रव्यवहारातली खरी अडचण रफच्या आडमुठेपणाच्या पलीकडची आहे. ज्यांच्या डोक्यावर धोका होता त्यांच्याकडे ज्ञान होते, पैसा होता, प्रतिष्ठाही होती. नव्हता तो फक्त अधिकार. निर्णय तळ्याच्या मालकाचा होता आणि त्याच्यावर देखरेख करणारी कुठलीही यंत्रणा राज्यात नव्हती. मॉरेल १८८५ साली वारले, रफ १८८७ साली. पत्रे कागदपत्रांत राहिली आणि तळे भरलेले राहिले.

१८८९ च्या मे महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत त्या भागात १५ ते २५ सेंटिमीटर पाऊस झाला. ३१ तारखेच्या सकाळी तळ्याची पातळी डोळ्यांदेखत वाढत होती. क्लबचे त्या वेळचे अध्यक्ष इलायस अंगर यांनी मजूर लावून माथ्यावर मातीची वरंडी घालायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायला सुरुवात केली. पण तिथे थोड्याच खाली कठीण जमीन लागली. माशांच्या जाळ्या काढण्याचा विषय निघाला तेव्हा सुरुवातीला मासे जातील म्हणून चालढकल झाली, आणि काढायचे ठरले तोवर ओंडके, फांद्या, पालापाचोळा यांनी जाळ्या इतक्या गच्च झाल्या होत्या की त्या हलेनात. पाणी माथ्यावरून, त्या खचलेल्या मध्यभागातून, वाहू लागले. दुपारी तीनच्या सुमारास भराव गेला. सुमारे १ कोटी ४५ लाख घनमीटर पाणी २३ किलोमीटर लांबीच्या अरुंद खोऱ्यातून उतरले आणि चारनंतर काही मिनिटांत जॉन्सटाउनवर आदळले. वाटेतली घरे, रेल्वेची इंजिने, कारखान्याची काटेरी तार असे सगळे तिथल्या एका दगडी पुलाशी अडकले. त्या ढिगाला आग लागली, आणि पाण्यातून वाचलेली कितीतरी माणसे तिथे जळून मेली. शेकडो मृतांची ओळख कधीच पटली नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो: एवढ्या पावसात कुठलेही धरण टिकले नसते. हा आक्षेप ऐऱ्यागैऱ्याचा नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनियर्स या नामवंत संस्थेच्या चौकशी समितीने तो घेतला होता. समितीचा अहवाल १८९० च्या सुरुवातीला तयार होता, तो दाबून ठेवला गेला आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की क्लबने मूळ रचना जशीच्या तशी ठेवली असती तरी धरण माथ्यावरून वाहून फुटलेच असते. शंभर वर्षांहून जास्त काळ हे शेवटचे मत मानले गेले. मग पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन शाखेतल्या संशोधकांनी खोऱ्याचे आणि उरलेल्या भरावाचे नव्याने मोजमाप घेऊन पाण्याचा हिशेब पुन्हा मांडला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. माथा छाटल्यामुळे सांडव्यातून पाणी वाहण्याची क्षमता निम्म्याच्या आसपास आली होती. मूळ आराखड्यात मुख्य सांडव्याशिवाय दुसऱ्या टोकाला एक जादा सांडवाही होता, आणि माथा खाली आणल्यावर तोही निकामी झाला. मूळ उंची, दोन्ही सांडवे आणि तळातले नळ शाबूत असते तर धरणाने तो पूर पचवला असता, असे त्यांनी दाखवले. एक मीटर ऐकायला फार नाही. पण सांडव्यातला प्रवाह पाण्याच्या खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. खोली दुप्पट झाली तर प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे सांडव्यातली वरची एक मीटर खोली हाच त्याचा सर्वांत कामाचा भाग, आणि गाड्यांच्या रस्त्यासाठी गेला तो नेमका तोच. पाऊस असामान्य होता हे खरे. पण सांडवा असतो तोच असामान्य पावसासाठी. रोजच्या पावसाला त्याची गरज नसते.

मातीच्या धरणाला माथ्यावरून वाहणारे पाणी का सोसत नाही, हे समजून घेतले की बाकीचे आपोआप कळते. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेले तर बहुतेक वेळा ते तग धरते. मातीच्या भरावाच्या उतारावरून पाणी धावू लागले की ते खालच्या बाजूने माती खात वर सरकते आणि काही तासांत माथ्यालाच भगदाड पाडते. मरण्याचा दुसरा मार्ग आतून असतो. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. चांगल्या धरणात मधला गाभा चिकणमातीचा असतो, बाजूचे आवरण मुरमाचे, आणि पायथ्याशी पाझर बाहेर काढणारे चर असतात. पायथ्याशी येणारे पाणी नितळ असेल तोवर काळजी फारशी नसते. ते गढूळ झाले तर त्याचा अर्थ पाण्याबरोबर भरावातली माती बाहेर पडते आहे, आत नळीसारखी पोकळी तयार होते आहे. भरावावर वाढलेल्या झाडाची मुळे, मेल्यावर कुजून राहिलेल्या मुळांच्या पोकळ्या, घुशी-उंदरांची बिळे, भरावातून जाणारा जुना गंजका नळ, या सगळ्या त्या पोकळीला आयत्या वाटा. करमणुकीच्या तळ्याचे वेगळेपण इथे दिसते. सिंचनाचे तळे उन्हाळ्यात उतरते. पाण्याकडचा उतार, त्यावर रचलेले पिचिंगचे दगड, पाणी सोडणाऱ्या विमोचकाचे तोंड वर्षातून एकदा उघडे पडते आणि डोळ्यांना दिसते, दार वापरात राहिल्यामुळे चालते राहते. करमणुकीचे तळे बारा महिने भरलेले असते, भराव बारा महिने भिजलेला असतो, आणि तळाचे दार कधीच उघडत नसल्यामुळे गंजून बसते. शिवाय गर्द झाडी हे अशा जागेचे भूषण. भरावावरची झाडे तोडा असे सांगणारा माणूस तिथे कुणालाच आवडत नाही.

जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स धरण हे याचे अगदी नमुनेदार उदाहरण. १८९९ साली लाकडी चौकटीत दगड भरून केलेला एक बंधारा, पुढे त्याच्यावर टप्प्याटप्प्याने चढवलेली माती, आणि त्यावर एका बायबल कॉलेजची छोटी वीजनिर्मिती. १९५७ साली वीज करणे बंद झाले. त्यानंतर तळे होते फक्त फिरायला, मासे धरायला. धरण उत्पन्न देत होते तोवर त्याच्याकडे कुणाचे तरी लक्ष होते. ते नुसते शोभेचे झाल्यावर वीस वर्षे त्याच्याकडे अभियंत्याच्या नजरेने पाहणारे कुणी उरले नाही. भरावावर मोठी झाडे वाढली. खालचा उतार फार उभा होता, आणि १९७३ च्या छायाचित्रांत तो एका ठिकाणी घसरलेला दिसतो. नोव्हेंबर १९७७ च्या पहिल्या आठवड्यात सलग पाऊस झाला आणि ६ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास धरण फुटले. धरणाखालच्या कॉलेजच्या वसाहतीतली, झोपेत असलेली ३९ माणसे मेली, त्यांत बरीच लहान मुले होती. चौकशी मंडळाला एकच एक कारण सांगता आले नाही. उताराची घसरण, आतून होणारी झीज आणि भिजून फुगलेला भराव यांचा तो एकत्रित परिणाम असावा, असे त्याने म्हटले. इथे मालक आणि मृत एकाच संस्थेचे होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मालकाला स्वतःचा जीव आणि स्वतःची मालमत्ता प्यारी असते, म्हणून तो काळजी घेईलच, या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही. कॉलेजला आपल्या मुलांची काळजी नव्हती असे कोण म्हणेल? काळजी होती, धरण कसे पाहायचे याचे ज्ञान नव्हते, आणि ते ज्ञान असलेल्या माणसाला बोलावण्याची सक्ती नव्हती. या दुर्घटनेनंतर अध्यक्ष जिमी कार्टर, जे स्वतः जॉर्जियाचे, यांनी देशभरातल्या जास्त धोक्याच्या बिगर-संघीय धरणांची तपासणी करायला लावली, आणि जॉर्जियाने १९७८ साली धरण सुरक्षा कायदा केला.

त्या धरणाची मापे आपल्या कायद्याशी ताडून पाहावीत. भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लागतो, पण लांबी ५०० मीटर, किंवा साठा १० लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर यांपैकी एखादी मर्यादा गाठली तर, अथवा पाया विशेष अवघड किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी असेल तर. केली बार्न्स धरण उंचीला साधारण १२ मीटर, लांबीला १२० मीटरच्या आसपास, आणि फुटण्याच्या वेळी त्यात पाणी होते ७ लाख ८० हजार घनमीटरच्या घरात. म्हणजे वेगळ्या रचनेचे कलम कुणी मुद्दाम लावले नसते तर ३९ माणसे मारणारे हे धरण आपल्या कायद्याच्या कक्षेत आलेच नसते. देशातल्या हजारो मोठ्या धरणांची जबाबदारी पहिल्यांदा नीट बांधून देणारा हा कायदा चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. त्याची मर्यादा एवढीच की तो धरणाचे शरीर मोजतो, खाली कोण राहते ते विचारून आपली कक्षा ठरवत नाही. जॉर्जियाच्या कायद्यात मापाची अट आहे, पण ती साडेसात मीटर उंची किंवा सव्वा लाख घनमीटर साठा एवढी खालची, आणि वर्ग ठरतो तो फुटल्यास माणसे मरण्याचा संभव आहे का यावर. ब्रिटनने तर उंचीचा विचार बाजूला ठेवून साठ्यालाच निकष मानले. वेल्समधल्या डॉलगारॉग गावावर १९२५ साली वरचे धरण फुटून सोळा जण मेले, त्यानंतर १९३० साली पहिला कायदा झाला. १९७५ च्या कायद्याने जमिनीच्या पातळीवरचा २५,००० घनमीटर साठा ही मर्यादा घातली, आणि वेल्सने पुढे ती १०,००० वर आणली. तिथे जास्त धोक्याच्या खासगी तळ्याच्या मालकालाही सरकारने मान्यता दिलेल्या स्वतंत्र अभियंत्याकडून ठरावीक मुदतीत तपासणी करून घ्यावीच लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न परक्या देशातला म्हणून सोडता येत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसएक माणसे वाहून गेली. ते खासगी नव्हते, सरकारी लघुपाटबंधाऱ्याचे होते, आणि धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. खेकड्यांनी भराव पोखरला असे विधान तेव्हाच्या मंत्र्यांनी केले आणि त्यावर बराच गदारोळ झाला. बिळांनी मातीचा भराव कमजोर होतो हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, जगभरच्या धरणतपासणीच्या पुस्तकांत प्राण्यांच्या बिळांवर प्रकरणे असतात. पण ती असतात ती यासाठी की बिळे दिसतात, मोजता येतात, बुजवता येतात. बीळ हे कारण सांगितले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो की पावसाळ्यापूर्वी भरावावरून कोण चालले होते. सरकारी धरणाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला निदान एक खाते, एक कार्यालय, एक अधिकारी असतो. एखाद्या रिसॉर्टने, शेतघरांच्या वसाहतीने किंवा प्लॉट पाडणाऱ्या विकासकाने ओढ्यावर आठ-दहा मीटरचा बांध घालून नौकाविहाराचे तळे केले तर तेही नसते. आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर एका दिवसात पडणारा पाऊस जॉन्सटाउनच्या त्या पावसापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो.

मालकीच्या जमिनीत सरकारने नाक खुपसू नये, हा दुसरा आक्षेप. त्याला कायद्याच्या इतिहासातच उत्तर आहे. १८६८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात तत्त्व घातले की जो आपल्या जमिनीत निसटल्यास अपाय करणारी वस्तू साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर साठवावी. तो खटला एका गिरणीमालकाच्या खासगी तळ्याचा होता. मात्र थोड्याच वर्षांत पळवाट निघाली. निकोल्स विरुद्ध मार्सलंड या १८७६ च्या निकालात बागेतल्या शोभेच्या तळ्यांचे बांध मुसळधार पावसात फुटून सार्वजनिक पूल वाहून गेले होते, आणि मालकाला दैवी आपत्तीचा बचाव मिळाला. जॉन्सटाउननंतर क्लबलाही तोच पावला, एकाही पीडिताला न्यायालयाकडून क्लबची दमडी मिळाली नाही. भारतातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला १८७४ चा मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटीनगरम् जमीनदार हा खटला या बाबतीत फार बोलका आहे. जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले. न्यायालयाने त्याला निष्काळजीपणा सिद्ध न झाल्यामुळे सोडले, आणि कारण दिले ते असे की हे तलाव शेतीसाठी, लोकांच्या पोटासाठी आहेत, ते राखणे हे जमीनदाराचे परंपरागत कर्तव्यच आहे. म्हणजे सवलत मिळाली ती पाण्याच्या उपयोगामुळे. शोभेच्या तळ्याला असे काही म्हणता येत नाही. खालच्या गावाला त्याचा थेंबही मिळत नाही, जोखीम मात्र सगळी त्याचीच. पुढे दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांना दैवी आपत्तीचा बचावही नाकारला. तो निकाल तळ्यांबद्दल नाही, पण विचाराची दिशा दाखवतो. तरीही नुकसानभरपाईवर विसंबून चालणार नाही. भरपाई मरणानंतर मिळते, आणि तळ्यापुरत्याच काढलेल्या कंपनीकडे फुटल्यावर उरते काय?

काठावर राहणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण पाणी उतरवायला सर्वांत मोठा विरोध तिथून होतो. मिशिगनमधले १९२० च्या दशकातले ईडनव्हिल धरण एका खासगी वीज कंपनीचे होते. सांडवा अपुरा आहे ही तक्रार वर्षानुवर्षे पडून राहिली, शेवटी संघीय आयोगाने २०१८ साली वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला. धरण मात्र राहिले, कारण त्याच्या मागचे विक्सम तळे हजारो घरांचे अंगण झाले होते. पाण्याच्या काठामुळे घरांना किंमत होती, तळे भरलेले असावे ही सगळ्यांची इच्छा होती, आणि पातळी खाली आणण्यावरून मालक आणि राज्य यांच्यात कोर्टबाजी चालू होती. १९ मे २०२० रोजी भराव गेला. पाणी तेव्हा माथ्यावरून वाहतही नव्हते. खालच्या उतारातली सैल वाळू वाढत्या पातळीने अचानक पातळ होऊन घसरली, असे चौकशी पथकाने दोन वर्षांनी सांगितले. सुमारे दहा हजार माणसांना आधीच हलवले होते, म्हणून जीव वाचले. आणि ज्यांना तळे भरलेले हवे होते त्यांच्यासमोर वर्षानुवर्षे चिखल राहिला. तेव्हा सुरक्षितता आणि तळ्याचा आनंद यांच्यात विरोध आहे असे समजणे काठावरच्या माणसाच्याही हिताचे नाही.

राहिला खर्च. एवढ्या बारक्या तळ्यांची तपासणी करायला माणसे कुठून आणायची, हा व्यावहारिक प्रश्न आहे आणि तो झटकून टाकू नये. पण सगळ्यांची सारखी तपासणी कुणी मागत नाही. बांधापासून ओढ्याच्या खाली काही किलोमीटर चालत जाऊन घर, शाळा, रस्त्याची मोरी, आठवड्याचा बाजार लागतो का एवढे पाहिले तरी यादी निम्म्याहून छोटी होईल. उरलेल्यांसाठी मालकाच्या पैशाने, पण मालकाने न नेमलेल्या अभियंत्याची तपासणी असावी. मे महिन्यात एकदा आणि जोराचा पाऊस चालू असताना एकदा. त्यात पाहायचे ते थोडके: माथा सरळ रेषेत आहे की मध्ये खचला आहे, सांडव्यात जाळी, भिंत, झाडोरा काही अडवते आहे का, पायथ्याला ओल कुठे आहे आणि बाटलीत धरलेले पाझराचे पाणी थोड्या वेळाने तळाशी गाळ टाकते का, तळाचे दार तपासनिसासमोर उघडून दाखवता येते का. शेवटची परीक्षा मी सर्वांत मोलाची मानतो. ज्या तळ्याचे पाणी हुकुमी उतरवता येत नाही त्याची दुसरी कुठलीही दुरुस्ती वेळेत होऊ शकत नाही, हे फुल्टनने १८८० साली लिहून ठेवले आहे. आणि एखाद्या मालकाला हा खर्च पेलत नसेल, किंवा मालकच सापडत नसेल, तर तळे मोडण्याचा मार्ग खुला असतो. सायफनने किंवा पंपाने पाणी सावकाश उतरवायचे, कारण घाईने उतरवले तर भिजलेला आतला उतारच ढासळतो. मग कोरड्या दिवसांत भरावात ओढ्याच्या तळापर्यंत रुंद खाच घ्यायची, तिच्या कडा तिरप्या ठेवून दगडाने बांधायच्या, आणि साठलेला गाळ एकदम खाली जाणार नाही अशी अडवणूक करायची. एका कोरड्या हंगामात होण्याजोगे हे काम आहे. पावसाळा तोंडावर आल्यावर ते करता येत नाही, म्हणून कुठले तळे ठेवायचे आणि कुठले मोडायचे ही यादी दिवाळीच्या सुमारास हातात असायला हवी.